जुनी ८००, पुढचा टकटकाट आणि घरचं अंगण

प्रश्न थोडक्यात असा आहे. वडिलांची २००३ची मारुती ८००. गाडी रत्नागिरीजवळ, समुद्रापासून हाकेच्या अंतरावर उभी असते. पुढून डाव्या बाजूने टकटक येते, खड्ड्यात जास्त येते, आणि ब्रेक मारला की एकदाच ‘टक’ असा आवाज होतो. गॅरेजवाल्याने गाडी न उचलताच दोन्ही शॉकअप, दोन्ही लोअर आर्म, दोन्ही टाय रॉड एंड बदला असं सांगितलं. विचारणाऱ्याकडे पान्यांचा सेट आहे, मोटरसायकलची कामं घरी केलेली आहेत. हे काम अंगणात होईल का, आणि सुरुवात कुठून करायची?

होईल. सगळं नाही, पण बरंचसं होईल. मी कोल्हापुरात उद्यमनगरच्या अलीकडे सत्तावीस वर्षं हेच काम करतोय, आणि आंबा घाट चढून वर आलेल्या कोकणातल्या गाड्या भरपूर पाहिल्यात. तुमच्या बाबतीत पाने धरता येतात की नाही ही अडचणच नाही. अडचण ही आहे की नेमकं काय खराब झालंय ते अजून कोणालाच माहीत नाही. सहा पार्ट बदलले की आवाज जाणारच, कारण त्या सहांत एखादा गुन्हेगार असतोच. कधीकधी तर त्या सहांतही नसतो. एका गिऱ्हाइकाने दुसरीकडे दोन्ही शॉकअप बदलून घेतले, टकटक तशीच राहिली म्हणून माझ्याकडे आला. बॅटरीची पट्टी सैल होती. दहा नंबरच्या पान्याने दोन आटे आवळले, काम संपलं. तेव्हा आधी बॉनेट उघडा, बॅटरी हलवून बघा, मग डिकीतला जॅक आणि टॉमी, म्हणजे तरफेसारखा लोखंडी दांडा, बाहेर काढून एक चक्कर मारा. हसू नका, तुम्हीही यात सापडू शकता.

आता चाक कशाकशाने धरलंय ते डोळ्यांसमोर आणा. ८००च्या पुढच्या चाकाला वरून स्ट्रट धरतो, म्हणजे स्प्रिंग आणि शॉकअप एकत्र असलेला खांब. त्याचं वरचं टोक बॉनेटखाली बॉडीला बोल्ट केलेलं असतं, खालचं टोक दोन बोल्टने नकलला, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या लोखंडी तुकड्याला. खालून लोअर आर्म धरतो. त्याच्या आतल्या टोकाला रबराचा बुश, बाहेरच्या टोकाला बॉल जॉइंट, म्हणजे वाटीत फिरणाऱ्या गोळ्याचा सांधा. स्टेअरिंगकडून येणारा टाय रॉड चाक वळवतो, त्याच्या चाकाकडच्या टोकाचा सांधा म्हणजे टाय रॉड एंड. राहिला तो दोन्ही चाकांमध्ये आडवा गेलेला, वाकवलेला जाड दांडा, म्हणजे स्टॅबिलायझर बार.

हा बार नीट समजून घ्या, कारण तुमच्या प्रश्नाचं उत्तर बहुधा तिथेच आहे. मोठ्या गाड्यांत लोअर आर्म त्रिकोणी असतो, बॉडीला दोन ठिकाणी धरलेला, त्यामुळे तो पुढे-मागे हलू शकत नाही. ८००चा आर्म मात्र साधी एक पट्टी आहे, आत एकाच ठिकाणी बसवलेली. तो पुढे-मागे सरकू नये हे काम या बारकडेच दिलंय. बारचं टोक आर्ममधून आरपार जातं, दोन्ही बाजूंना रबरी बुश आणि वॉशर, शेवटी नट आणि तो सुटू नये म्हणून स्प्लिट पिन. वळणावर गाडी झुकू न देणं आणि चाकाला जागेवर धरणं अशी दोन माणसांची कामं एकाच माणसाला दिली आहेत. स्वस्त, हलकी गाडी बनवायची तर हे हुशारीचंच म्हणायचं. पण ते बुश झिजले की ब्रेक मारताना चाक मागे ढकललं जातं, मोकळी जागा संपते तिथे आपटतं, आणि एकदाच ‘टक’ वाजतं. ब्रेक सोडून पुन्हा गाडी ओढली की दुसऱ्या बाजूने ‘टक’.

म्हणून तुमच्या सगळ्या वर्णनातली ‘ब्रेक मारला की एकदाच’ हे तीन-चार शब्द मला सगळ्यात मोलाचे वाटले. शॉकअप गेला तर सहसा असा आवाज येत नाही. ब्रेकच्या वेळी आवाज देणारे मुख्य उमेदवार तीन: स्टॅबिलायझरचे बुश, लोअर आर्मचा आतला बुश, आणि कॅलिपरमध्ये, म्हणजे पॅड दाबणाऱ्या चिमट्यात, सैल झालेले ब्रेक पॅड. पहिल्या दोन वस्तू रबराच्या आहेत आणि सगळ्या यादीत सगळ्यात स्वस्त. गॅरेजवाल्याच्या यादीत मात्र बारच्या बुशांचं नावच नाही. त्याची नियत वाईट असेल असं मी म्हणत नाही. आम्हा लोकांना एकदा गाडी खोलली की परत आवाजाची तक्रार नको असते, म्हणून आम्ही सगळंच सांगून मोकळे होतो.

तपासायचं कसं? गाडी सपाट जागी. कोकणातलं अंगण म्हणजे जांभा किंवा माती, आणि पावसानंतर ती दबते. घोड्या, म्हणजे गाडी टेकवायचे लोखंडी स्टँड, त्यांच्याखाली जाड फळी घाला. मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी दगड, हँडब्रेक, गिअरमध्ये गाडी. गाडीसोबत मिळालेला जॅक पंक्चर काढण्यापुरता आहे. त्याने उचला हवं तर, पण उचलल्यावर गाडी घोड्यांवर टेकवल्याशिवाय हातसुद्धा आत घालू नका. काढलेलं चाक गाडीच्या उंबऱ्याखाली, म्हणजे दरवाजाखालच्या कडेखाली, आडवं सरकवून ठेवा. मी आजही ठेवतो. आणि दोन्ही पुढची चाकं एकदम उचला. एकच उचललं तर स्टॅबिलायझर बार पिळलेला राहतो, त्याचा नट काढताना तो सणकन सुटतो.

घोडी लावायच्या आधी मात्र एक काम करा, आणि तुमच्या गावची गाडी असल्यामुळे हे मी सगळ्यांत वर ठेवतो. जाड स्क्रू ड्रायव्हर घ्या आणि टोचत फिरा. उंबऱ्याखालची जॅक लावायची कडा, लोअर आर्म बॉडीला जिथे बसतो ती जागा, आणि बॉनेटखाली स्ट्रटचं वरचं टोक जिथे बसतं त्याच्या भोवतालचा पत्रा. खाऱ्या हवेतल्या वीस वर्षांच्या गाडीत अंडरकोटिंगचा काळा थर शाबूत दिसतो आणि त्याच्या मागे पत्रा पापडासारखा झालेला असतो. स्क्रू ड्रायव्हर आत गेला तर थांबा. मग प्रश्न बुशचा नसून वेल्डिंगचा आहे, आणि तेही गाडी त्या लायकीची असेल तर. अशी २००३ची गाडी १५ वर्षांनंतर दर पाच वर्षांनी आरटीओत फेरनोंदणीला न्यावी लागते. तिथे तपासणारा बघो न बघो, स्ट्रट बॉनेटमधून वर यायला वेळ लागत नाही. पत्रा कुजलेला निघाला तर पुढचं वाचायची गरज नाही.

पत्रा टणक असेल तर चाकं लटकलेली ठेवून हाताने तपासा. चाक वर-खाली धरून, म्हणजे घड्याळातल्या १२ आणि ६वर हात ठेवून हलवा. खेळ, म्हणजे सैल हालचाल, लागला तर तो व्हील बेअरिंगचा किंवा बॉल जॉइंटचा. दोन्हींत फरक करायची सोपी युक्ती आहे: घरच्या कुणालातरी ब्रेक दाबून धरायला सांगा आणि पुन्हा हलवा. खेळ गेला तर बेअरिंग, राहिला तर बॉल जॉइंट. ३ आणि ९वर धरून हलवलं तर टाय रॉड एंड किंवा स्टेअरिंगचा रॅक बोलतो. त्या वेळी दुसरा हात टाय रॉड एंडवर ठेवा, खेळ बोटांना कळतो. मग एक लांब टॉमी घ्या आणि लोअर आर्म व नकल यांच्यामध्ये हलकेच तरफ लावा. बॉल जॉइंट खालीवर हलताना दिसला की निकाल लागला. ८००च्या ठेवणीत गाडीचं वजन स्प्रिंगवाटे वरच्या माउंटिंगवर जातं, बॉल जॉइंटवर फारसं येत नाही, म्हणून चाक लटकलेलं असतानाच त्याचा खेळ मोकळा दिसतो. शेवटी तीच टॉमी आर्म आणि बार यांच्यामध्ये लावून आर्म पुढे-मागे ढकला. नवे बुश असले तर थोडं दाबून परत येतं. गेलेले असतील तर आर्म सरकतो आणि तुमचा ओळखीचा ‘टक’ हातात ऐकू येतो. तो ऐकला की यादीतल्या बहुतेक वस्तूंचे पैसे वाचतात.

बॉल जॉइंटचा खेळ सापडला तर मात्र बाकीचं सगळं बाजूला. बुश गेला तर गाडी आवाज करते, टायर खाते. बॉल जॉइंट निसटला तर चाक गाडीखाली दुमडतं. फियाट-अॅम्बॅसिडरच्या दिवसांत ठरावीक किलोमीटर झाले की ग्रीसगन मारायची सवय असायची, त्या निमित्ताने कोणीतरी खाली डोकावायचं. ८००चा बॉल जॉइंट बंद आहे, त्याला ग्रीस भरायचं निपल नाही, म्हणून त्याच्याकडे कोणी बघतच नाही. त्याचं रबरी बूट फाटलेलं दिसलं तरी बदलायची तयारी करा, कारण आत पाणी आणि वाळू शिरलेली असते. तो आर्मलाच बसवलेला असतो. काही ठिकाणी जुना ठोकून काढून नवा दाबून बसवून देतात. मी ते करत नाही, पूर्ण आर्म बदलतो. आर्ममध्ये आतला बुशही नवाच येतो, म्हणजे एका कामात दोन प्रश्न मिटतात.

आता खोलायचं कसं. कोकणातल्या बोल्टशी मारामारी करू नका, आदल्या संध्याकाळी तारेच्या ब्रशने माती काढून गंज सोडवायचा स्प्रे मारा, सकाळी पुन्हा मारा. अडलेला बोल्ट आधी किंचित आवळायचा, मग सोडायचा. गंजाची पकड एकदा मोडली की तो येतो. रिंग पाना किंवा गोटी पाना लावा, फिक्स पान्याने डोकं गोल झालं की दिवस वाया. १२, १४, १७, १९ एवढे आकार जवळ असले की बहुतेक काम निघतं.

सगळ्यात हट्टी बोल्ट असतो नकलच्या तळाशी, बॉल जॉइंटची दांडी चिमटीत धरणारा. इथे नवशिके फसतात. बोल्ट सैल केला, दांडी खाली येईना म्हणून हातोडी घेतली, शेवटी नकल फुटला. त्या दांडीला खाच असते आणि बोल्ट त्या खाचेतून आडवा जातो. बोल्ट पूर्ण बाहेर काढल्याशिवाय दांडी सुटूच शकत नाही. बाहेर काढल्यावर नकलची फट छन्नीने अगदी जरासं उघडा, फार नाही, आणि आर्म टॉमीने खाली दाबा. बसवतानाही तेच: दांडी पुरती वर गेली की बोल्ट हाताने आरपार जातो. हाताने जात नसेल तर दांडी अजून खाली आहे. तिथे ठोकाठोक केली तर खाच मरते. तो बोल्ट जुना परत घालू नका, बरोबरीचा नवा घ्या.

टाय रॉड एंड बदलायचा असेल तर स्प्लिट पिन काढा, नट तीन-चार आटे सोडून ठेवा, पूर्ण काढू नका. सांधा ओढून काढायचा पुलर असेल तर उत्तम. नसेल तर दोन हातोड्या: एक टेकवून धरायची, दुसरीने ज्या डोळ्यात दांडी बसली आहे त्या डोळ्याच्या कुशीवर जोरात एकच फटका. दांडीच्या आट्यांवर मारलंत तर नटही जातो आणि कामही. जुना एंड फिरवून काढण्याआधी लॉकनटची जागा रंगाने किंवा नेलपॉलिशने खुणेची करा आणि एंड किती फेरे फिरून निघाला ते मोजा. नवा तितकेच फेरे घाला. यामुळे अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे कोन, अचूक होत नाही, पण अलाइनमेंटवाल्यापर्यंत गाडी सरळ पोचते. नट आवळल्यावर पिनचं भोक जुळलं नाही तर आणखी थोडं आवळायचं, मागे सोडायचं नाही. पिन नवी. जुनी पिन सरळ करून घालणाऱ्यांशी मी वाद घालणं सोडून दिलंय, पण तुम्ही घालू नका.

बुश बसवताना ग्रीस किंवा ऑइल लावू नका, साधं रबर त्याने फुगतं. साबणाचं पाणी पुरे. बारच्या टोकाचे वॉशर कोणत्या तोंडाने आहेत ते खोलण्याआधी मोबाइलवर फोटो काढून ठेवा. तिथे दोन वॉशर उलटसुलट बसवून आठवड्यात बुश चिरडलेले मी पाहिलेत.

आता ती गोष्ट, जी चांगले मेकॅनिकही विसरतात. लोअर आर्मच्या आतल्या बुशचा बोल्ट गाडी लटकलेली असताना शेवटपर्यंत आवळू नका. हा बुश दरवाजाच्या बिजागरीसारखा फिरत नाही. त्याचं रबर आतल्या आणि बाहेरच्या नळीला चिकटलेलं असतं आणि आर्म खालीवर होताना ते रबर पिळलं जातं. चाक लटकलेलं असताना बोल्ट कसला की रबराची विसाव्याची जागाच ती ठरते. मग गाडी जमिनीवर उतरली की बुश कायमचा पिळलेला राहतो, आणि नवा बुश सहा महिन्यांत फाटला की आपण पार्टवाल्याला डुप्लिकेट माल दिला म्हणून शिव्या घालतो. सगळे बोल्ट नुसते बोटाने बसवा, जॅक आर्मच्या बाहेरच्या टोकाखाली लावून गाडीचं वजन आर्मवर येईपर्यंत उचला, घोडी तशीच जागेवर राहू द्या, आणि मग आवळा. टॉर्क रिंच, म्हणजे मोजून आवळणारा पाना, भाड्याने किंवा उसना मिळाला तर वापरा, आकडे तुमच्या मॉडेलच्या मॅन्युअलमधून घ्या.

शॉकअपचं काय? आधी ते खरंच गेलेत का बघा. नळीवर ओलं तेल ओघळलेलं दिसतं का? पुढचा कोपरा जोरात दाबून सोडला तर गाडी एकदा वर येऊन थांबायला हवी. झुलत राहिली तर शॉकअप गेला. उभ्या गाडीत स्टेअरिंग फिरवताना ‘टुंग’ असा स्प्रिंगचा आवाज आला तर वरचं बेअरिंग-माउंटिंग अडकतंय. आणि पूर्ण वळवून चालवताना कटकटकट अशी माळ लागली तर तो सस्पेन्शनचा विषय नाही, एक्सलचा बाहेरचा जॉइंट आहे.

शॉकअप बदलायचेच असतील तर माझं मत स्पष्ट आहे. स्ट्रट सगळा गाडीतून उतरवणं घरी जमेल: नकलचे दोन बोल्ट, वरचे नट, ब्रेकचा रबरी पाइप क्लिपमधून मोकळा करायचा, त्याला ओढ बसू द्यायची नाही, कॅलिपर काढलाच तर तारेने स्प्रिंगला टांगायचा. पण वरचा मधला नट, तो घरी खोलू नका. त्याच्याखाली दाबलेली स्प्रिंग आहे. तो नट सुटला की स्प्रिंग जिथे वाट मिळेल तिथे जाते. माझ्या डाव्या अंगठ्याचं नख वाकडं वाढतं, त्याचं कारण १९९९ सालच्या एका दुपारी मी तारेने बांधलेली स्प्रिंग आहे. उतरवलेले दोन्ही स्ट्रट आणि नवे शॉकअप घेऊन चांगला स्प्रिंग कंप्रेसर असलेल्या गॅरेजमध्ये जा. अर्ध्या तासात बदलून देतील, घेतील ते मजुरीचे पैसे वाजवी असतात. शॉकअप नेहमी जोडीने. लोअर आर्म एकाच बाजूचा गेला असेल तर एकच चालतो. बारचे बुश मात्र दोन्ही बाजूंचे एकदम.

म्हणजे तुमच्यासाठी क्रम असा होईल: बॅटरी आणि डिकी, मग पत्रा टोचणं, मग खेळ बघणं, मग फक्त जे सापडलं ते. माझा अंदाज विचाराल तर बारचे बुश आणि डावा आर्म, एवढंच निघेल. चुकलो तर टॉमी सांगेलच. पहिल्यांदा करताय तर एका बाजूला पूर्ण दिवस धरा, आणि दुसरी बाजू न खोलता तशीच ठेवा, काही विसरलं तर बघायला नमुना राहतो. रविवारी दुपारी दुकानं बंद असताना सुरू करू नका.

सामान आणताना जुना बुश, जुना बोल्ट खिशात घेऊन जा. ‘८००चा’ एवढं सांगून भागत नाही, इतक्या वर्षांत बारीक फरक झालेत. दर मी लिहीत नाही, गावागणिक आणि कंपनीगणिक बदलतात. पण फार स्वस्त आर्म दिसला तर बॉल जॉइंटची दांडी हाताने फिरवून बघा. नवा जॉइंट घट्ट असतो. बोटाने लगेच वळला तर परत करा.

काम झाल्यावर गल्लीत हळू चालवून ब्रेक मारून बघा, घरी येऊन सगळे नट पुन्हा पाना लावून तपासा, चाकाचे नट तर शंभरेक किलोमीटरनंतर पुन्हा. मग अलाइनमेंट. या गाडीत कॅम्बर (चाकाचा आत-बाहेर कल) आणि कॅस्टर (स्ट्रटचा पुढे-मागे कल) जुळवायची सोय नाही, टाय रॉड फिरवून फक्त टो, म्हणजे चाकांची तोंडं आत की बाहेर, हे जुळतं. अलाइनमेंटवाला कागद छापून देईल, त्यात डावीकडचा कॅम्बर किंवा कॅस्टर उजवीकडच्यापेक्षा फार वेगळा दिसला आणि तो म्हणाला ‘हे होत नाही या गाडीत’, तर तो खरं बोलतोय, पण तिथे विषय सोडू नका. नवे बुश घालूनही आकडा बाहेर असेल तर काहीतरी वाकलेलं आहे, आर्म, स्ट्रट नाहीतर बॉडी. तो कागद आणि टायरच्या आतल्या-बाहेरच्या कडेचा फोटो पाठवा, मग बघू पुढे काय उघडायचं ते.